दोनालीचा दस्ता आणि टाकी लावायची कला

सगळ्यात आधी एक कोडं. 'बारा बोअरची बंदूक' हा शब्द आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो. सिनेमातला मिशाळ पाटील रागावला की भिंतीवरून जी उतरवतो ती. पण हे बारा म्हणजे नक्की बारा काय? मिलिमीटर? काडतुसं? ऑफिसात आठ-दहा जणांना विचारून पाहिलं (सगळे इंजिनिअर, त्यातले तिघे तर चक्क मेकॅनिकलचे!). एकालाही सांगता आलं नाही.

उत्तर असं आहे. एक पौंड शुद्ध शिसं घ्या. त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. गणित करून बघायचं असेल तर बघा: ४५३.६ ग्रॅम भागिले १२ म्हणजे ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४. म्हणजे एका गोळीचं घनफळ साधारण ३.३३ घन सेंटिमीटर, आणि व्यास १८.५ मिलिमीटर. बारा बोअरच्या नळीचं प्रमाण माप .७२९ इंच, म्हणजे तेच १८.५ मिलिमीटर! म्हणूनच आकडा वाढला की नळी बारीक होते. सोळा बोअर बारापेक्षा लहान, वीस बोअर त्याहून लहान. ज्या काळात कारखान्यात व्हर्नियर कॅलिपर नव्हते पण तराजू होता, त्या काळातलं हे मोजमाप आजही चालू आहे. लेगसी कोड म्हणतात तो हाच :)

हे सगळं डोक्यात घुसायचं कारण म्हणजे माझ्या आजोळची दोनाली. आजोळ म्हणजे एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. पुण्यातल्या मित्रांना भंडारा म्हटलं की एक तर जेजुरीचा भंडारा आठवतो नाहीतर देवळातलं जेवण. तर हा भंडारा नागपूरच्या पूर्वेचा. धानाचा, तलावांचा, पितळी भांड्यांचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात आणि नावाप्रमाणेच इथे एकेकाळी माणसांपेक्षा झाडं जास्त होती. जिथे धान आणि जंगल एकमेकांना खेटून असतात तिथे रानडुकरं असतात, आणि जिथे रानडुकरं असतात तिथे गावात एखाद-दुसरी बंदूक असते. आमच्या आजोळी ती आहे.

आजोबांनी ऐंशी ओलांडली. लायसन्स त्यांच्या नावावर आहे. त्यामुळे गेल्या वर्षी मामांपुढे प्रश्न आला, की हिचं करायचं काय? लायसन्स मामांच्या नावावर करून घ्यायचं, की बंदूक विकून मोकळं व्हायचं, की सरळ जमा करून टाकायची? आणि ठेवायची तर आधी तिची डागडुजी करावी लागणार. दस्ता (म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग) काळाकुट्ट झालेला, त्यावर कधीतरी कुणीतरी फर्निचरचं चकचकीत वॉर्निश फासलेलं, आणि मुठीजवळची नक्षी जवळजवळ बुजलेली. या नक्षीनेच मला इतिहासाच्या पुस्तकांपर्यंत नेलं, म्हणून आजचा लेख तिच्यावर.

आता बंदूक एकोडीत आली कशी ते आधी सांगतो, कारण या एका वस्तूत हिंदुस्थानचा बराचसा इतिहास दडलाय.

नळीच्या खालच्या बाजूला, बंदूक उघडल्यावरच दिसतील अशा जागी, मुकुट आणि त्याखाली इंग्रजी अक्षरं असे बारीक शिक्के आहेत. हे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्के. हे प्रूफ हाऊस १८१३ मध्ये सुरू झालं. तिथे प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, नळी फुटली नाही तर शिक्का मारायचा. म्हणजे क्यूए टीमच म्हणा ना, फक्त इथे टेस्ट फेल झाली तर खरंच स्फोट होतो. आमच्या बंदुकीवर मुकुटाखाली 'एनपी' अशी अक्षरं आहेत. एनपी म्हणजे नायट्रो प्रूफ, आणि बर्मिंगहॅमची ही खूण १९०४ च्या नियमांपासूनची. म्हणजे बंदूक त्याच्या आधीची नाही एवढं नक्की झालं.

ही 'नायट्रो' भानगड समजून घ्यायला हवी. १८८० च्या दशकापर्यंत बंदुकीत काळी दारू वापरत. सोरा, गंधक, कोळसा. धूर भरपूर आणि नळीत काजळी. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूर न करणारी दारू तयार झाली आणि सगळा खेळ बदलला, कारण या नव्या दारूचा जोर नळीवर वेगळ्या पद्धतीने पडतो. जुन्या नळ्या बऱ्याचदा 'दमास्कस' पद्धतीच्या असत. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एका दांड्याभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून एकजीव केलेल्या. त्यावर पाण्यावरच्या तरंगांसारखी सुंदर नक्षी उमटते. आपल्याकडेही हे तंत्र जुनंच. अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'मध्ये पट्टी तिरपी गुंडाळत नेऊन, एका वेढ्यावर दुसरा वेढा चढवून नळी करायची रीत नोंदवलेली आहे. पण सुंदर असली तरी शेकडो जोडांची नळी, त्यातून आत गंज. म्हणूनच अशा जुन्या नळीत आजचं काडतूस घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

बंदूक बर्मिंगहॅमची असली तरी तिच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर नाव आहे कलकत्त्याच्या दुकानदाराचं. त्या काळची ही सर्रास पद्धत होती. बर्मिंगहॅमच्या 'गन क्वार्टर' भागात छोट्या छोट्या वर्कशॉपांची गर्दी. एक जण नळ्या घासणार, दुसरा कुलूप (आतली यंत्रणा) बनवणार, तिसरा लाकूड बसवणार, चौथा पोलादावर वेलबुट्टी कोरणार. शेवटी तयार बंदुकीवर ज्याने ऑर्डर दिली त्याचं नाव. म्हणजे आजच्या भाषेत व्हाइट लेबल. कलकत्ता तेव्हा राजधानी, त्यामुळे बंदुकांची मोठी दुकानंही तिथेच. मँटन कंपनी १८२५ पासूनची. लंडनच्या प्रसिद्ध जोसेफ मँटनच्या घराण्यातली. दुसरं प्रसिद्ध नाव रॉडा कंपनी. हे नाव क्रांतिकारकांच्या इतिहासात सापडतं. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा कंपनीच्या मालातली ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं बंगालच्या क्रांतिकारकांनी भर दिवसा बैलगाडीतून गायब केली होती!

कलकत्त्याहून आमच्याकडे माल यायचा तो बंगाल-नागपूर रेल्वेने. ही कंपनी १८८७ ची, आणि तिची नागपूर-हावडा लाइन भंडारा जिल्ह्यातूनच जाते. त्यामुळे मुंबईपेक्षा कलकत्त्याची वस्तू इकडे सहज पोचायची. आज आपण कुरिअर ट्रॅक करतो तसं त्या वेळी कुणीतरी 'भंडारा रोड' स्टेशनवर पेटीची वाट बघत बसलं असेल.

पण पैसे आहेत म्हणून बंदूक घेतली, असं चालत नव्हतं. १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दोन कायदे आणले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बंद करणारा, दुसरा हत्यारांचा. वर्तमानपत्रांचा कायदा चारेक वर्षांतच रद्द झाला. हत्यारांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं चालू राहिला! या कायद्याने हिंदी माणसाला लायसन्सशिवाय हत्यार ठेवता येईना, आणि युरोपियनांना व अँग्लो-इंडियनांना मात्र सूट. लोकांना खुपलं ते हे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेस याविरुद्ध ठराव करत होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला त्यात नियमांच्या चौकटीत हत्यार बाळगण्याचा हक्कही होता. गांधीजींच्या काँग्रेसचा ठराव आणि त्यात हा हक्क, हे वाचून मी दोनदा तपासून पाहिलं. कारण सरळ आहे. प्रश्न बंदुकीचा कमी आणि 'गोऱ्याला चालतं, मला का नाही' याचा जास्त होता.

अशा काळात मध्य प्रांतात ज्याच्याकडे लायसन्सची दोनाली, तो गावातला मोठा माणूस. भंडाऱ्याकडे हा मोठा माणूस म्हणजे मालगुजार. सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा, आणि गावाची जमीन, तलाव, झाडं यांच्यावर मालकी सांगणारा. आजही आमच्याकडच्या जुन्या तलावांना 'मामा तलाव' म्हणतात, ते 'माजी मालगुजारी' चं छोटं रूप. आमची बंदूक अशाच एका मालगुजाराची. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, रुबाब उतरला, खर्च उरले. घरात सांगतात त्याप्रमाणे त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यांनी ती विकायला काढली आणि पणजोबांनी पीक राखायचं लायसन्स काढून घेतली. म्हणजे ज्या हातात सत्तेची खूण म्हणून होती त्या हातातून ती शेतकऱ्याच्या हातात आली. एक छोटीशी जमीन सुधारणाच झाली म्हणायची.

तर आता नक्षीकडे.

बंदुकीला लाकूड लागतं दोन ठिकाणी. मागचा दस्ता आणि पुढे नळीखाली डावा हात धरतो तो तुकडा. चांगल्या बंदुकीला अक्रोडाचं लाकूड. अक्रोड एकदा नीट वाळलं की पावसाळ्या-उन्हाळ्यात फारसं आकसत-फुगत नाही, धक्का सोसतं, आणि त्याचा रवा इतका बारीक असतो की त्यावर नाजूक कोरीवकाम टिकतं. काश्मीरचं अक्रोडावरचं कोरीवकाम आपण बघतोच. दस्त्यावर हात जिथे पकडतो तिथे अगदी बारीक उभे-आडवे तिरपे चर मारून शंकरपाळ्यांची जाळी काढलेली असते. याला इंग्रजीत चेकरिंग म्हणतात. मराठीत शब्द सापडला नाही, म्हणून चेकरिंगच म्हणूया. उद्देश शोभेचा नंतर, आधी पकडीचा. बारा बोअरचा धक्का चांगलाच बसतो. घामट किंवा ओल्या हातातून गुळगुळीत लाकूड सटकेल, या टोकदार शंकरपाळ्यांवरून सटकत नाही. दगडी जिन्याला टाच्या मारतात तसंच.

शंकरपाळे कसे कापतात ते आठवा. पोळी लाटली, कातण्याने एका दिशेने तिरप्या रेघा, मग दुसऱ्या दिशेने. झाले शंकरपाळे. चेकरिंगही तेच, फक्त पोळी लाकडाची, तीही दोन्ही बाजूंनी वळणारी, आणि दोन रेघांमधलं अंतर एक मिलिमीटर. इंचात किती रेघा बसतात यावर कामाचा दर्जा ठरतो. साध्या बंदुकीवर इंचाला सोळा-अठरा, चांगल्या बंदुकीवर चोवीस, अगदी राजेशाही कामात त्याहूनही जास्त.

चोवीसचा हिशेब केला. दोन रेघांतलं अंतर १.०६ मिलिमीटर. इंग्लिश पद्धतीचे शंकरपाळे लांबट, रुंदीच्या तिप्पट लांब असतात. म्हणजे रेघा एकमेकींना साधारण ३७ अंशांत छेदतात. (लांबट का? तर लांबी लाकडाच्या रेषांच्या दिशेने ठेवली की प्रत्येक बारकं टोक मजबूत राहतं. आडवे ठेवले तर कपचे उडतात.) या कोनात एका चौरस इंचात सुमारे ३४५ शंकरपाळे बसतात. मुठीच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ चौरस इंच धरले तर पावणेतीन हजारांच्या वर. प्रत्येकाला चारही बाजूंनी उतार आणि वर एक टोक. सगळं हाताने.

पद्धत ऐकायला सोपी आहे. आधी दोन मुख्य रेघा आखायच्या, एक या तिरप्यात, एक त्या तिरप्यात. लाकूड वळणदार असल्याने लाकडी पट्टी चालत नाही, वाकणारी पातळ पट्टी लागते. मग दोन दातांच्या ओळी असलेलं हत्यार. एक ओळ आधीच्या चरात बसते आणि दुसरी तिच्या शेजारी नवा चर पाडते. मग हत्यार त्या नव्या चरात ठेवायचं, पुढचा चर. असं करत पूर्ण भाग एका दिशेने भरायचा, मग दुसऱ्या दिशेने. पहिल्या फेरीत चर उथळच. मग एकेरी व्ही आकाराचं हत्यार घेऊन दोन-तीन फेऱ्यांत हळूहळू खोल करायचे, म्हणजे वरच्या सपाट चौकटी निमुळत्या होत टोकदार होतात. शेवटी कडेची रेघ, जिच्या पलीकडे एकही चर गेलेला दिसता कामा नये.

आता यातली खरी गोम प्रोग्रामरच्या लगेच लक्षात येईल. प्रत्येक रेघेचं माप तिच्या आधीच्या रेघेवरून घेतलंय. मूळ रेघेवरून नाही. म्हणजे चूक साठत जाते. प्रत्येक रेघेत फक्त ०.०२ मिलिमीटर चुकलं, तरी चाळिसाव्या रेघेपर्यंत ०.८ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ एक आख्खी रेघ! आणि ती चूक लपत नाही. आपले डोळे लांबी मोजण्यात कच्चे असतील, पण समांतर रेघांच्या जाळीतली एक वाकडी रेघ लांबूनही टोचते. लाकडात कंट्रोल-झेड नाही. म्हणूनच कारागीर दर पाच-सहा रेघांनी थांबून मूळ रेघेशी ताडून बघतो. चुकत असेल तर पुढच्या आठ-दहा रेघांत ती चूक थोडी थोडी वाटून टाकतो. आपण कोडमध्ये रिव्ह्यू करतो तो यापेक्षा कितीतरी आळशी असतो.

हे सगळं मी मामांना जेवताना समजावून सांगितलं. जुनी बुजलेली नक्षी त्याच चरांतून पुन्हा हत्यार फिरवून जागी करता येते, हेही सांगितलं. मामा म्हणाले, "म्हणजे पाट्याले टाकी लावल्यावानीच झालं ना हे!"

अगदी बरोबर. आणि मला पुस्तकांत इतकं वाचून जे सुचलं नव्हतं ते त्यांना वरण-भात कालवता कालवता सुचलं. पाटा-वरवंटा किंवा जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की पाथरवट येऊन छिन्नीने त्याला टाकी लावतो, म्हणजे पुन्हा खरखरीत करतो. नव्या पिढीला मिक्सरमुळे हे माहीत असायचं कारण नाही. पण तत्त्व तेच. वस्तू हाताच्या किंवा दगडाच्या घर्षणाने झिजते आणि काही वर्षांनी तिला पुन्हा दात आणावे लागतात.

पण टाकी लावणार कोण? यूट्यूबवर अमेरिकेतले काका गॅरेजमध्ये बसून जुन्या बंदुका दुरुस्त करताना दिसतात. वीकएंडचा छंद. आपल्याकडे तसं करता येत नाही. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्यात बंदूक बनवणं आणि विकणं याच्या जोडीला दुरुस्त करणं आणि तिची चाचणी घेणं यालाही वेगळं लायसन्स लागतं. (लिटनचा कायदा जाऊन हा प्रत्यक्षात लागू झाला तो १ ऑक्टोबर १९६२ पासून.) बंदूक ठेवायचं लायसन्स वेगळं, दुरुस्तीचं वेगळं. त्यामुळे गावचा सुतार कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे बंदूक देता येत नाही. कागदपत्रांसकट नागपूरच्या लायसन्सधारक दुरुस्तीवाल्याकडे जाणं आलं. आणि ही माणसं आता कमी होत चालली आहेत, कारण गिऱ्हाईकच कमी झालंय.

गिऱ्हाईक कमी व्हायचं मोठं कारण १९७२. त्याआधी जंगलाचे 'शिकार ब्लॉक' असायचे आणि वनखात्याकडून परमिट घेऊन लोक शिकारीला जात. मध्य प्रांताचं जंगल तर इंग्रज शिकाऱ्यांची पंढरी. जेम्स फॉरसिथचं १८७१ चं आणि डनबर ब्रँडरचं १९२३ चं पुस्तक याच जंगलांवर उभं आहे. मग वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, त्याच वर्षी नागझिरा अभयारण्य झालं, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान. २०१३ मध्ये हे सगळं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आतल्या बंदूकवाल्यांना तर नाव नोंदवावं लागतं आणि तिथे नवं लायसन्स मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय मिळत नाही. पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. हे सगळं योग्यच झालं असं माझं मत आहे. आज नागझिऱ्यात सकाळी जिप्सीतून जे दिसतं ते या कायद्यांमुळेच. पण त्याचा एक परिणाम असा की आमची दोनाली पन्नास वर्षं जवळजवळ मुकीच आहे. धान पिकायला आलं की डुकरं हाकलायला कधी एखादा बार, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. एवढंच तिचं आयुष्य.

तर नागपूरच्या दुरुस्तीवाल्या काकांनी (वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग) बंदूक पाहिली. नळ्यांत उजेडाकडे धरून बघितलं, चेंबरची लांबी मोजली. जुन्या इंग्लिश बंदुकीत चेंबर बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं आणि ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात घातलं तर दाब धोकादायक वाढतो. काडतूस घेताना हे सांगायचं, असं त्यांनी मामांना दोनदा बजावलं. (आपल्याकडची 'शक्तिमान' काडतुसं बनतात कुठे माहितीये? आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात! १८६९ पासूनचा कारखाना. हिंजवडीला जाता-येता किती वेळा जवळून जातो आपण.) मग वॉर्निश काढायचं ठरलं. घासून नाही, सॅंडपेपर तर बिलकुल नाही. सॅंडपेपर मारला की उरलीसुरली नक्षीही गेली आणि लाकूड लोखंडापेक्षा खाली बसलं. मऊ ब्रश, रसायन आणि पेशन्स. दस्त्यावर दोन ठिकाणी पोचे होते, तिथे ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि लहान मुलासारखा खूश झालो.

वॉर्निश गेल्यावर लाकूड उघडं पडलं. त्यावर लावायचं तेल कोणतं? तर जवसाचं! हे ऐकून मामांना हसूच आलं. आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीच्या ओलीवर लाखोळी आणि जवस फेकतात, त्याला उतेरा म्हणतात. धान कापलं की खाली दुसरं पीक तयार. त्याच जवसाचं तेल बर्मिंगहॅमचे कारागीरही लावत. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडात एक घट्ट थर तयार होतो. नवीन क्रिकेट बॅटला तेल पाजतात ते हेच. थेंबभर तेल, तळव्याने चोळायचं, दिवसभर वाळू द्यायचं, पुन्हा थेंबभर. असे कितीतरी दिवस. (एक इशारा: या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. वाळताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.)

आणि मग मुख्य प्रश्न आला. काकांनी विचारलं, नक्षी नवी करून देऊ, की आहे तशी ठेवू?

ब्रशने साफ केल्यावर दिसलं की पुढच्या तुकड्यावरची जाळी बरीचशी शाबूत आहे, फक्त मळाने भरली होती. मुठीवर मात्र उजव्या बाजूला, तळवा टेकतो तिथे, दोन रुपयांच्या नाण्याएवढा भाग पार गुळगुळीत झालाय. मामांचं म्हणणं, एवढा खर्च करतोय तर नवीनच करून टाकू. माझं मत उलट होतं. तो गुळगुळीत भाग म्हणजे पणजोबांच्या आणि आजोबांच्या हाताची खूण, ती खरवडून काय मिळवणार?

आजोबांना फोन लावला. ते म्हणाले, "घासली तिथंच हात बसते. ऱ्हाऊ दे." विषय संपला. मुठीला हात न लावता फक्त पुढच्या तुकड्यावरचे चर जुन्याच रेघांतून जागे केले.

पण माझ्या डोक्यातला विषय संपला नाही. परत येताना गाडीत विचार करत होतो की ती झीज आमच्याच घरची कशावरून? आमच्याकडे यायच्या आधी ही बंदूक मालगुजाराच्या हातात होती आणि तिचा खरा वापर झाला तो तेव्हाच. शिकारीला मालगुजार मचाणावर, हातात बंदूक. जंगलात हाका घालणारी माणसं मात्र गावातलीच. गोंड, कुणबी, ढिवर, जे असतील ते. त्यांच्या हातात काठी आणि वाजवायला डबा. वाघ किंवा डुक्कर उलटलं तर आधी तीच सापडणार. शिकारीच्या पुस्तकांत साहेबाच्या बंदुकीचा मेक, बोअर, नळीची लांबी सगळं तपशिलात असतं. हाकेवाल्यांची संख्या सांगतात, नावं क्वचित. त्यामुळे त्या गुळगुळीत डागाकडे नुसतं 'घरची आठवण' म्हणून बघणं मला जमत नाही. जी बंदूक धरायचा हक्क सरकारने मूठभर हातांनाच दिला होता, तिच्यावर झीजही त्या मूठभर हातांचीच असणार. उरलेल्यांच्या हातांची खूण बघायची तर मामा तलावाची पाळ बघावी लागेल. ती त्यांनी बांधली.

म्हणून डाग तसाच राहिला याचं मला दुहेरी बरं वाटतं. नवी नक्षी काढली असती तर बंदूक सुंदर दिसली असती आणि यातलं काहीच कुणी विचारलं नसतं.

लायसन्सचं सांगायचं तर, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे धारकाने सत्तरी ओलांडली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली असेल तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे लायसन्स देता येतं. मामांनी अर्ज टाकलाय. निर्णय यायचाय. नाही मिळालं तर बंदूक जमा होईल, आणि मालखान्यात ओल लागली तर जवसाचं तेलही तिला फार दिवस वाचवणार नाही. तेवढं मनाशी धरूनच आहोत.

तुमच्यापैकी कुणाच्या गावी अशी जुनी दोनाली असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, लायसन्स कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते ते आजच बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची आहे आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. दोन, नळ्या लायसन्सधारक जाणकाराला दाखवल्याशिवाय तिच्यातून बार काढू नका, दसऱ्याच्या पूजेलासुद्धा. तीन, दस्त्याला सॅंडपेपर आणि वॉर्निश लावू देऊ नका. आणि चार, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की ती कुणाकडून आली, किती सालात आली, आणि शिकारीला हाका घालायला कोण कोण जायचे. नावं आठवत असतील तर लिहून घ्या. शिक्के नळीवर असतात, ते शंभर वर्षांनीही वाचता येतील. ही नावं कुठेच कोरलेली नाहीत.

असो. बरंच लांबलं. पुढच्या वीकएंडला मामा तलावांवर लिहायचा विचार आहे, बघू कसं जमतंय ते.